भाऊसिंगजी रोडवरची काळी इमारत

सांगलीच्या माणसाला कोल्हापूरला जायला कारण लागत नाही. अंबाबाईचे दर्शन असते, लग्नाचा बस्ता असतो, कुणी तरी दवाखान्यात असते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच तिथे सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या पक्षकारांना आणि वकिलांना ही वाट अंगवळणीच पडली आहे. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या संग्रहालयाच्या इमारतीत, जायला मात्र कारण शोधावे लागते. भाऊसिंगजी रोडने जाता-येता तिची काळी भिंत आणि निमुळते मनोरे प्रत्येकाने पाहिलेले असतात, तिच्या आवारातल्या मोठ्या झाडांवर दिवसा उलटी लटकलेली वटवाघळे लहानपणी कुणी तरी बोट करून दाखवलेली असतात, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तिचा उपयोग होतो. पण आत काय आहे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘जुन्या वस्तू’ इतक्यावर संपते.

माझे मामा तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. बांधाच्या एका जुन्या वादाचे प्रकरण वर गेलेले असल्यामुळे ते सर्किट बेंचला आले होते आणि कागद वाचायला कुणी तरी असावे म्हणून मी त्यांच्याबरोबर होतो. हे बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते आणि टाऊन हॉल तिथून चालत काही मिनिटांवर आहे. काम दुपारच्या आतच आटोपले. मामांना लगेच परत फिरायचे होते. मी म्हटले, आलोच आहोत तर संग्रहालय पाहून जाऊ. ‘काय बघायचंय तिथं? भांडी आन् दगडं,’ असे म्हणून का होईना, पण ते आले.

संग्रहालयात शिरल्यावर आपण थेट काचेच्या कपाटांकडे जातो आणि ती कपाटे ज्या वास्तूत ठेवली आहेत तिच्याकडे पाहायचे राहून जाते. मला त्या दिवशी उलट क्रम घ्यावासा वाटला. कारण कोल्हापूरच्या या संग्रहालयातली सर्वांत मोठी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, वस्तू म्हणजे ती इमारतच आहे.

१८७२ ते १८७६ या काळात टाऊन हॉल बांधला गेला. त्याचा आराखडा चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचा. पुढे ज्याने कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस आखला, तोच हा मँट. टाऊन हॉल हे त्याचे कोल्हापुरातले सुरुवातीचे काम, आणि ते पाहताना हा माणूस अजून मनाने विलायतेतच आहे हे जाणवते. टोकदार कमानी, उंच चढलेले उतरते छप्पर, दोन बाजूंना टोकाकडे निमुळते होत गेलेले मनोरे, समोर बग्गी थांबवून पाहुण्याला पायरीवर उतरता यावे असा पोर्च. हे सगळे युरोपातल्या गॉथिक शैलीचे व्याकरण आहे. फक्त दगड आपला आहे. युरोपात ही शैली ज्या चुनखडीच्या आणि वालुकाश्माच्या मऊ दगडात वाढली, त्यात छिन्नी सहज चालते आणि जाळीदार, पानाफुलांची नक्षी काढता येते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्या मानाने फार हट्टी. अंबाबाईच्या देवळात पाथरवटांनी याच दगडातून काय काय काढले ते आपण पाहतोच, पण देवळाचे काम पिढ्यांच्या हिशेबाने चालले आणि टाऊन हॉलचे काम चार वर्षांच्या. त्यामुळे येथे नक्षी आवरती आहे आणि आकार बोलतो. मला हे गॉथिक मुंबईच्या त्याच काळातल्या नटलेल्या इमारतींपेक्षा अधिक आवडते. त्यात मिरवणे कमी आहे.

मामांनी कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर पाहिले. त्यांच्या विहिरीच्या जुन्या बांधकामात अर्धगोल कमानी आहेत आणि त्यातली एक बाजूच्या भिंती रेटून फाकली होती. टोकदार कमानीत वरचे वजन बाजूंना कमी आणि खाली जास्त उतरते, म्हणून ती तेवढ्याच भिंतीवर अधिक उंच नेता येते, हे मी वाचलेले होते. मामांना ते वाचावे लागले नाही. ‘ही फाकायची न्हाई,’ एवढेच म्हणून ते पुढे गेले.

इमारत कुणासाठी बांधली, हा प्रश्न मला तिच्या शैलीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. टाऊन हॉल म्हणजे नगरातल्या लोकांनी एकत्र येऊन बोलण्याची, ठराव करण्याची जागा. आता १८७२ चे कोल्हापूर डोळ्यांसमोर आणावे. छत्रपती राजाराम महाराज, करवीरच्या गादीवरचे दुसरे राजाराम, १८७० साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. त्यांनी प्रवासात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये छापून प्रसिद्ध झाली, म्हणजे नेमक्या त्याच वर्षी, जेव्हा इकडे टाऊन हॉलचे काम सुरू होत होते. गादीवर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा अजाण मुलगा होते. कारभार इंग्रज सरकारचा प्रतिनिधी असलेल्या पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चालत होता आणि पुढे कारभारी म्हणून माधवराव बर्वे आले. राजा लहान, कारभारी वरून नेमलेला, आणि अशा शहराला एक भव्य सभागृह मिळाले. त्या सभागृहात कोण बोलणार होते आणि कुणाविषयी बोलायची मुभा होती, याची कल्पना पुढच्या दहा वर्षांत काय घडले त्यावरून येते.

महाराजांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरवले जात आहे, ही कुजबुज कोल्हापुरात होती; पण ती छापली गेली पुण्यात. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी बर्वे यांच्यावर उघड आरोप केले. आधारासाठी घेतलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकर हे मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच कान टवकारले. आमच्या भागात टेंभू म्हणजे उपसा सिंचन योजना. दुष्काळी रानात कृष्णेचे पाणी ज्या नावाने येते ते नाव. ‘टेंभूचा माणूस कोल्हापूरच्या राजापायी जेलात गेला?’ मामांनी विचारले, आणि मग थोडे थांबून, ‘आन् राजाचं काय झालं?’ राजाचे काय झाले ते वाईट आहे. अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यानंतर दत्तक आले ते कागलचे यशवंतराव, म्हणजे शाहू महाराज.

हा सगळा इतिहास टाऊन हॉलच्या भिंतींवर लिहिलेला नाही आणि तो तिथे असावा अशी माझी अपेक्षाही नाही. पण ती इमारत पाहताना तो ठाऊक असला, तर तिचा पोर्च वेगळा दिसतो. बग्गीतून उतरणारे कोण होते आणि रस्त्यावरून पाहणारे कोण होते, याचा अंदाज बांधता येतो.

मँटविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे हा सगळा प्रकार मला विलक्षण वाटू लागतो. फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांचे दहन आर्नो नदीच्या काठी, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी तिला मिळते त्या संगमावर झाले. आपल्याकडे संगमावर अंत्यसंस्कार व्हावेत अशी इच्छा असते, ती परक्या मुलखात अशी पुरी झाली. त्या जागी १८७४ मध्ये एक छत्री उभारण्यात आली. घुमटाखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. म्हणजे ज्या वर्षांत हा अभियंता कोल्हापुरात पंचगंगेजवळ युरोपची इमारत उभी करत होता, त्याच वर्षांत तो युरोपात आर्नोच्या काठी कोल्हापूरची छत्री उभी करत होता. फ्लॉरेन्सच्या लोकांनी ती छत्री आपली मानली. ते तिला ‘भारतीयाचे स्मारक’ म्हणतात आणि शेजारी बांधलेल्या आधुनिक पुलालाही त्या भारतीयाचेच नाव पडले आहे. कोल्हापूरकरांनीही टाऊन हॉल आपला मानला, इतका की तो परका आहे हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मँटची पुढची कामे पाहिली तर छत्रीनेच त्याला काही शिकवले असावे, असे मला वाटते. नव्या राजवाड्यात गॉथिक मागे पडते आणि छत्र्या, घुमट, झरोके, कोरीव सज्जे पुढे येतात. तो राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला; मँट त्याआधीच, १८८१ मध्ये, चाळिशीच्या आसपास वारला. बडोद्याचा राजवाडाही त्याने पुरा झालेला पाहिला नाही. ते काम चिझम या दुसऱ्या वास्तुकाराने तडीस नेले. आपली गणिते चुकली आहेत आणि इमारती कोसळणार आहेत या धास्तीने मँटचे मन बिघडले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, इमारती मात्र सगळ्या उभ्या आहेत.

या वास्तूचे संग्रहालय होण्याची कथा सुरू होते ती ब्रह्मपुरीपासून. पंचगंगेच्या काठावर, शहराच्या अगदी लगत, ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. ती निसर्गाने दिलेली जितकी, तितकीच माणसांनी रचलेली. एका वस्तीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असे शतकानुशतके साचत गेलेले ते पांढरीचे टेकाड. टाऊन हॉल पुरा झाल्यावर वर्षभरात, १८७७ मध्ये, येथे शिशाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्या नाण्यांवर एका बाजूला एकावर एक रचलेल्या कमानींचा डोंगर आणि कठड्यातले झाड, दुसऱ्या बाजूला बाण लावलेले धनुष्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरांत राजांची नावे: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर. सातवाहनांच्या काळात कोल्हापूरच्या परिसरावर सत्ता असलेल्या या ‘कुर’ राजांची ओळख आपल्याला मुख्यतः या नाण्यांनीच करून दिली.

पुढे १९४४ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी तिथे खणायला सुरुवात केली, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केले. सातवाहन काळातली विटांची घरे, वर शिलाहारांच्या काळातले अवशेष, त्याच्याही वर बहमनी काळातले. या सगळ्याला ठेवायला जागा हवी होती, आणि त्या निमित्ताने कोल्हापूरचे संग्रहालय १९४६ मध्ये सुरू झाले. संस्थान त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबई प्रांतात विलीन झाले. सभा भरवायला बांधलेल्या इमारतीत टेकडीखालच्या घरांतली भांडी राहायला आली. ज्यांच्यासाठी हा पोर्च कधीच नव्हता, असे तांबट, कासार, मणेरी, कुंभार, जे जगून दोन हजार वर्षे झाली, ते आपल्या वस्तूंच्या रूपाने या सभागृहात आले आणि कायमचे राहिले. मला हा त्या वास्तूचा सर्वांत न्याय्य उपयोग वाटतो.

ब्रह्मपुरीतल्या वस्तूंमध्ये जगभर गाजलेली वस्तू म्हणजे पोसायडनची कांस्यमूर्ती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. मूर्ती वीतभरसुद्धा नाही. दाढीधारी, नग्न, एका पायावर भार देऊन दुसरा किंचित सैल सोडलेला, एक हात वर उचललेला. त्या हातातला त्रिशूळ हरवला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास रोमन जगात घडलेली ही मूर्ती, आणि तिच्या सोबतीने मद्य ओतण्याची कांस्य सुरई, कांस्याचा आरसा, पर्सियस आणि अँड्रोमेडा या ग्रीक पुराणातल्या जोडप्याचे उठावचित्र असलेली चकती, आणि या परदेशी मंडळींच्या जोडीला आपल्याकडे ओतलेला, पाठीवर माणसे बसलेला छोटा हत्ती.

मी नेहमी फोटोत पाहिलेला हा पोसायडन मला मोठा वाटत असे. प्रत्यक्षात तो ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात मावेल एवढाच आहे, आणि त्यामुळे अधिक खरा वाटतो. राजाला नजराणा म्हणून आलेली वस्तू एवढी लहान नसते. ही कुणा तरी खलाशाने गाठोड्यात टाकून आणावी, व्यापाऱ्याने मालाबरोबर वरकड म्हणून द्यावी, अशी वस्तू आहे. त्या काळच्या रोमन व्यापाराची माहिती देणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरच्या कल्याण, चौल यांसारख्या बंदरांची नावे येतात, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांचा उल्लेख येतो. बंदरातून माल घाटांनी वर चढे. आजही कोल्हापूरहून आंबा, फोंडा, अणुस्कुरा असे घाट उतरले की कोकण लागते. बैलांच्या तांड्यांबरोबर चढलेला समुद्राचा देव जिथे समुद्र दिसत नाही अशा नदीकाठच्या गावात येऊन राहिला.

‘हितं कुणी त्याची पूजा केली असंल का?’ मामांनी विचारले. याचे उत्तर कुणाजवळ असणार? पण प्रश्न मला फार आवडला, कारण मी कलेतिहासाच्या अंगाने मूर्तीची शैली पाहत होतो आणि मामा त्या घरातल्या माणसांचा विचार करत होते. हातात त्रिशूळ असलेला दाढीवाला देव आपल्याकडे कुणाला शंकरासारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मग मामांनीच दुसरी शक्यता काढली. ‘न्हाई तर तांबटाकडं मोडीत आला असंल. तुटकं-फुटकं सगळं एका जागी हाय, म्हणजी वितळवायला ठेवलं असंल.’ आमच्या घरची जुनी पातेली, तपेली आणि समया कशा मोडीत गेल्या हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे सुचणे स्वाभाविक होते. कुणी तज्ज्ञ या मताला काय म्हणेल ते म्हणो. मला ते टाकाऊ वाटत नाही. तसे असेल तर त्या तांबटाच्या हातून राहून गेलेल्या एका कामामुळे आपल्याला पोसायडन मिळाला आहे.

कांस्याच्या अशा वस्तू मातीत दोन हजार वर्षे टिकतात, पण बाहेर काढल्यावर त्यांचे खरे धोके सुरू होतात. मातीतले क्षार धातूत मुरलेले असतात. हवेत ओल मिळाली की ते धातू खाऊ लागतात आणि पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी धरते. संग्रहालयशास्त्रात याला कांस्याचा रोगच म्हणतात. त्यावर मुख्य उपाय म्हणजे हवा कोरडी ठेवणे. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते किती कठीण आहे हे ज्याच्या घरी श्रावणात कपडे वाळत नाहीत त्याला सांगायला नको. चित्रांचे दुखणे वेगळे असते, ते उजेडाचे. जलरंगांच्या चित्रांवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा जगभरचा संकेत आहे, आणि सभागृहाला तर उंच खिडक्या लागतात. सभेच्या गरजा आणि वस्तूंच्या गरजा या बाबतीत एकमेकींच्या विरुद्ध आहेत. जुन्या वास्तूत संग्रहालय चालवणारा प्रत्येक अभिरक्षक रोज या दोहोंत तडजोड करत असतो आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

औंधचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या त्या छोट्या संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या संग्रहासाठी यमाईच्या डोंगरावर मुद्दाम संग्रहालय म्हणूनच इमारत बांधली आणि १९३८ मध्ये ती खुली केली. वरून येणारा, पसरलेला उजेड चित्रांवर कसा पडावा याचा विचार तिथे भिंत उभारण्याआधी झाला होता. टाऊन हॉलला हे भाग्य नाही. पण औंधच्या वास्तूला दुसरे आयुष्य नाही, ती जन्मापासून संग्रहालयच आहे. टाऊन हॉलला आहे. दोन्हींत डावे-उजवे करायचे झाले तर चित्रे पाहायला मी औंधला जाईन आणि शहर समजून घ्यायला टाऊन हॉलला.

तरी चित्रे इथेही पाहण्याजोगी आहेत, आणि तीही मुख्यतः कोल्हापूरच्या माणसांची. शाहू महाराजांच्या आश्रयाने आणि त्यानंतर या शहरात चित्रकारांची जी परंपरा बहरली, तिच्या मुळाशी आबालाल रहिमान आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते परत आले आणि कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी पाणी, झाडे, संध्याकाळचा उजेड रंगवला. रंकाळ्याच्या संध्यामठाची त्यांची चित्रे पाहिली की तो मठ आपल्याला पुन्हा नुसत्या डोळ्यांनी पाहता येत नाही. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थात बुडवली, असे कोल्हापूरकर सांगतात. ऐकीव गोष्टीतली अतिशयोक्ती वजा केली तरी, आपला पाहणारा गेला आता चित्र कुणाला दाखवायचे, हे दुःख खरे वाटते. मामांना मात्र चित्रांचे विशेष वाटले नाही, ते एका खुर्चीवर टेकले.

खरे तर मामांनी सर्वांत अधिक वेळ काढला तो आवारात. तिथे तोफा आहेत, देवळांचे सुटे झालेले कोरीव दगड आहेत आणि वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या माणसांच्या स्मृतीसाठी कोरलेले दगड, आहेत. वीरगळ पाहून मामा म्हणाले, ‘हे तर आमच्या मारुतीच्या देवळामागं पडलंय की.’ त्यांच्या गावच्या त्या दगडाला लोक शेंदूर लावतात आणि पोरे त्यावर बसून चिंचा फोडतात. मी त्यांना कप्पे खालून वर वाचून दाखवले. सर्वांत खाली लढाई, बऱ्याचदा शेजारी गाई, कारण गावची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना माणूस मेलेला असतो. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला उचलून नेत आहेत. वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील या अर्थाने. मामा खालच्या कप्प्यापाशी बराच वेळ थांबले. गाईंसाठी मेलेला माणूस त्यांना पोसायडनपेक्षा जवळचा होता. गावी गेल्यावर दगड उचलून उभा करतो, असे ते म्हणाले. आणि तो कुठल्याही संग्रहालयात न जाता मारुतीमागेच उभा राहावा असे, संग्रहालयांवर माझा एवढा जीव असूनही, मला वाटले.

बसला अवकाश होता म्हणून तोरस्कर चौकातून पुढे शिवाजी पुलाच्या बाजूला चालत गेलो, ब्रह्मपुरी पाहायला. पाहायला म्हणून तिथे काही नाही. चढाचा रस्ता, घरे, दुचाकी, दोरीवरचे कपडे. पण मामांनी चढ संपल्यावर मागे वळून नदीकडे पाहिले आणि उंचीचा हिशेब केला. २००५ चा आणि २०१९ चा पूर आमच्या सांगलीने पाहिलेला आहे. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि मारुती चौकात बोटी फिरत होत्या. पूर पाहिलेल्या माणसाला नदीकाठची टेकडी दिसली की तिथे आधी वस्ती का झाली हे पुस्तक न उघडता कळते. पाणी जवळ आणि घर वर. सातवाहनांच्या काळातल्या त्या कुटुंबांनी जागा विचार करून निवडली होती.

सांकलियांनी आणि दीक्षितांनी टेकडीचा जेवढा भाग खणला त्यापलीकडचे पुष्कळ अजून आजच्या घरांखालीच आहे. तिथे उभे राहून मामांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला. आपल्या रानात पाया खणताना असे काही लागले तर ते कुणाचे? मी सांगितले की यासाठी १८७८ चा कायदा आहे, टाऊन हॉल पुरा झाल्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रजांनी केलेला आणि अजून लागू असलेला. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

‘धा रुपये?’ मामा म्हणाले. ‘दीडशे वर्सं झाली आन् अजून धाच?’

मी हो म्हटले. बांधाच्या हातभर जमिनीसाठी त्या दिवशी वकिलाला जे दिले होते त्याच्याशी त्यांनी मनातल्या मनात त्या दहा रुपयांचा ताळा घातला असावा. मग त्यांनी विचारले की तो पोसायडन ज्याच्या जागेत निघाला त्याला काय मिळाले होते. त्या वेळी इथे संस्थानचा कारभार होता, इंग्रजांचा हा कायदा नव्हे, एवढे मी सांगू शकलो. मामांचे त्याने समाधान झाले नाही, आणि पुलाकडे उतरताना त्यांनी ठरवून टाकले की वीरगळ उभा करायचा तो दगड म्हणून, आणि त्याची किंमत कुणीही विचारली तरी नऊ रुपये सांगायची.